भाड्याचे घर आणि गहाणाचा हप्ता
(ज्ञातिमंडळाच्या कुंडल येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, वधूवरांच्या याद्या वाचून झाल्या, हिशेबही मंजूर झाला. आता आम्हांस जो विषय मांडावयाचा आहे तो या मंगल प्रसंगास काहीसा विसंगत वाटेल. कर्ज आणि गहाण हे शब्द चारचौघांत उच्चारण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे आज ज्या एका मिळकतीवर मुलांची शिक्षणे आणि वृद्धांची औषधे भागवीत आहेत, ती मिळकत म्हणजे भाड्याने दिलेल्या दोन-चार खोल्या किंवा एखादा गाळा होय. आणि त्यांपैकी पुष्कळांवर गहाणाचा बोजा आहे. तेव्हा न बोलून चालणार नाही, असे आम्हांस वाटले.

हा विषय कुंडलास परका नाही. हे गाव औंध संस्थानातले. १९१० साली औंधच्या अधिपतींनी येथून जवळच दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि कुंडल रोड या स्टेशनाचे नावही पुढे पालटले. कारखाना आला तसा कामगार आला. कामगारास राहावयास खोली लागली. आपल्यातील अनेकांच्या आजोबांनी परसातील गोठा काढून दोन खोल्या बांधल्या त्या या गरजेतून. पुढे कुंडलास साखर कारखाना झाला, पलूसला औद्योगिक वसाहत झाली. खोल्यांच्या चाळी झाल्या. ज्यांची मुले सांगली-मिरजेस किंवा पुण्यास स्थिरावली त्यांनी तेथे एखादा फ्लॅट घेऊन तो भाड्याने दिला. पूर्वी हे सारे पदरच्या पैशांवर होई. आता ते कर्जावर होते, एवढाच फरक. पण हा फरक लहान नाही.

गहाणाने घर आणि जमीन कशी जाते हे या मुलखाने फार पूर्वी पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्याची चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांस लागू झाला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार काय होता हे न्यायाधीशाने तपासावे आणि ऋणकोस हप्ते बांधून द्यावेत, हे त्या कायद्याचे सार होते. पुढे १९४३ पासून याच कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटील आणि आपल्या गावचे जी. डी. बापू लाड यांनी प्रतिसरकार चालविले. त्याच्या न्यायदान मंडळांनी गावोगावचे तंटे मिटविले आणि सावकारांच्या घशात गेलेल्या जमिनी मूळ धन्यांस परत मिळवून देण्याचेही कार्य केले. ऋणकोस सवड मिळाली तर तो कर्ज फेडतो आणि सवड न मिळाली तर उभयतांचे नुकसान होते, हे शहाणपण या मातीस नवे नाही. आजचा धनको सावकार नसून बँक आहे, आणि सवलतीचे स्वरूपही पालटले आहे, एवढेच.

आता आमचाच एक अनुभव सांगतो. तो सांगताना संकोच वाटतो. परंतु दुसऱ्याचे उदाहरण देऊन उपदेश करण्यापेक्षा स्वतःची चूक सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे. आम्ही कर्ज काढून पाच खोल्यांची चाळ बांधली. हिशेब सरळ होता : भाडे येईल, हप्ता जाईल, वरचे चार पैसे घरात राहतील. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. आमचे भाडेकरू बहुतेक परप्रांतीय कामगार. तीन खोल्या पंधरा दिवसांत रिकाम्या झाल्या आणि उरलेल्या दोघांकडे मागावे तरी कोणत्या तोंडाने? त्याच सुमारास, १७ एप्रिल २०२० रोजी, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांस सूचना दिली की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणास बाहेर काढू नये. ती सूचना न्याय्यच होती. पण घरमालकाच्या डोक्यावरचा हप्ता कोण पुढे ढकलणार, हा प्रश्न होताच.

त्याचे उत्तर रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजीच दिले होते. १ मार्च ते ३१ मे या काळात देय होणारे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा तिने बँकांना दिली, आणि २३ मे रोजी ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. आम्ही अर्ज केला, सहा महिने हप्ता भरला नाही, आणि सुटलो असे समजून स्वस्थ बसलो. व्याज चालूच राहणार हे त्या पत्रकात स्पष्ट लिहिले होते. ते आम्ही वाचले नाही. भावांनाही काही कळविले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मनाशी म्हटले. वर्षाने खात्याचा उतारा हाती आला तेव्हा कळले की ती मूठ सव्वा लाखाची नव्हती, त्याहून पुष्कळ मोठ्या रकमेची होती.

ते कसे, हे एका काल्पनिक पण नेमक्या हिशेबाने पाहू. २० लाख रुपये कर्ज शिल्लक आहे, व्याज द. सा. द. शे. ९, आणि फेडीची १५ वर्षे उरली आहेत असे धरा. मासिक हप्ता सुमारे २०,२८५ रुपये पडतो. सहा महिने तो भरला नाही, तर साध्या व्याजाचेच ९० हजार मुद्दलात मिळतात आणि शिल्लक २० लाख ९० हजार होते. व्याजावर चढणारे व्याज या उदाहरणात अवघे १,७०० रुपये आहे. २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर सरकारने ऑक्टोबर २०२० च्या योजनेने जे परत दिले ते एवढेच. आणि २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच ऋणकोंबाबत जे आकारू नये असे सांगितले तेही एवढेच. मूळ व्याज कोणीही माफ केले नाही.

आता पुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे हप्ता तोच ठेवून मुदत वाढविणे. तसे केल्यास १८० ऐवजी सुमारे १९८ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा हप्ते पुढे ढकलले आणि वाढले अठरा; एकूण भरणा सुमारे ३ लाख ७१ हजारांनी वाढला. दुसरी वाट म्हणजे मुदत १८० हप्त्यांचीच ठेवून हप्ता किंचित वाढविणे. तो २१,१९८ रुपये होतो, दरमहा अवघे ९१३ रुपये अधिक, आणि एकूण भरणा वाढतो तो सुमारे १ लाख ६४ हजारांनी. सवलत एकच, पण न विचारणारास ती दुसऱ्यापेक्षा दोन लाखांहून अधिक महाग पडते. आम्ही विचारले नाही. आमच्या खात्यात पहिलीच वाट धरली गेली होती.

ह्यात सवलत वाईट होती असे मुळीच नाही. त्या सहा महिन्यांत आमच्या घरात दोन वेळची चूल पेटली ती तिच्याचमुळे. आमचे म्हणणे इतकेच की सवलत म्हणजे माफी नव्हे. तो काळाचा उसना व्यवहार आहे आणि उसन्यालाही व्याज आहे. सवलत घ्यावी ती अगदी अवश्य असेल तेव्हाच, शक्य तितकी थोडी घ्यावी, आणि भाडे पुन्हा सुरू होताच वाढीव रक्कम भरून ती मिटवावी.

आज ती सर्वसाधारण सवलत नाही. ६ ऑगस्ट २०२० आणि ५ मे २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या योजनांनी कोरोनाग्रस्त ऋणकोंच्या कर्जाची पुनर्रचना करता येत असे. त्यांची मुदत केव्हाच संपली. आता अडचणीतील कर्जाची फेररचना बँक करू शकते, परंतु सामान्यतः ते खाते खालच्या वर्गात टाकले जाते आणि पुढे नवे कर्ज मिळणे कठीण होते. नैसर्गिक आपत्तीचा अपवाद आहे. कृष्णाकाठच्या लोकांनी २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत जे महापूर पाहिले, तशा आपत्तीत बाधित ठरलेल्या भागासाठी वेगळे नियम असतात. ज्यांचे गाळे सांगलीत पाण्याखाली गेले त्यांनी अशा वेळी बँकेच्या दारात प्रथम जावे, शेवटी नव्हे.

आता कर्ज दुसऱ्या बँकेत वळविण्याविषयी. यास हल्ली बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. एका बँकेचे महाग कर्ज दुसऱ्या बँकेच्या स्वस्त कर्जाने फेडणे, एवढाच त्याचा अर्थ. वरच्याच उदाहरणात व्याज ११ टक्के असते तर १५ वर्षांचा हप्ता सुमारे २२,७३२ रुपये पडला असता. तेच कर्ज ९ टक्क्यांवर वळविले तर दरमहा २,४४७ रुपये आणि एकूण ४ लाख ४० हजार रुपये वाचतात. त्यातून नव्या बँकेचे शुल्क, गहाणखताचा मुद्रांक आणि वकिलाच्या शोध अहवालाचा खर्च वजा घालावा. कर्ज नवे असेल तर फायदा मोठा. शेवटची दोन-तीन वर्षे उरली असतील तर बहुधा खर्चच अधिक, कारण तोवर व्याजाचा मोठा भाग देऊन झालेला असतो.

येथे एक मोह असतो. नवी बँक म्हणते, मुदत पुन्हा २० वर्षांची करू, हप्ता आणखी खाली येईल. हप्ता खरोखरच १७,९९५ रुपयांवर येतो आणि ऋणको खूश होतो. परंतु एकूण भरणा होतो ४३ लाख १८ हजार. जुन्या महाग कर्जात तो ४० लाख ९२ हजार होता! व्याज दोन टक्क्यांनी उतरले आणि भरणा सव्वादोन लाखांनी वाढला. भाडे खरोखरच अपुरे पडत असेल तर ही वाट धरण्यास हरकत नाही. परंतु ती बचत आहे असे समजून धरू नये.

घाईने बँक सोडण्यापूर्वी आपल्या बँकेसच विचारावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांच्या नव्या बदलत्या व्याजाच्या गृहकर्जांचा दर रेपोसारख्या बाह्य दराशी जोडला आहे. जुनी कर्जे अद्याप जुन्या पद्धतीवर असतील तर थोडे शुल्क भरून नव्या पद्धतीवर येता येते. १८ ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाप्रमाणे व्याज बदलले की हप्ता वाढवावयाचा की मुदत, हे निवडण्याची संधी ऋणकोस दिली पाहिजे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. आणि कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत न दिल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५,००० रुपये द्यावे लागतात. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा आहे. हे हक्क मागणाऱ्यासच मिळतात.

तथापि आमच्या अनुभवाने खेड्यातील माणसाचे कर्ज वळत नाही ते व्याजाच्या दरामुळे नव्हे, कागदांमुळे. चाळ आजोबांच्या नावाच्या जागेवर, आजोबा वारलेले, वारसांची नोंद नाही. एक भाऊ पुण्यास, एक बहीण कोल्हापुरास, तिची सही कोणी मागितलेली नाही. खोल्या बांधल्या त्या शेतजमिनीवर आणि बिगरशेतीचा हुकूम नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तीन खोल्या आणि प्रत्यक्षात पाच. अशी मिळकत गावची ओळखीची पतसंस्था कदाचित गहाण घेईल, पण स्वस्त व्याजाची बँक उंबऱ्यातूनच परत फिरेल. स्वस्त कर्ज मिळविण्याची पहिली पायरी बँकेत नसून तलाठ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. गावठाणातील घरांच्या मोजणीनंतर ज्यांना मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि त्यांवरील नावे तपासून घ्यावीत.

भाडेकरूचा करारही असाच महत्त्वाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जेथे लागू आहे तेथे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार असला की भाड्याचे उत्पन्न बँकेस दाखविता येते. नसला की तेच उत्पन्न कागदावर शून्य ठरते. गहाण मिळकत भाड्याने देण्यापूर्वी कर्जाच्या अटी वाचाव्यात, आणि बँकेची संमती लागत असेल तर ती लेखी घ्यावी. आयकराच्या हिशेबात भाड्याच्या निव्वळ वार्षिक मूल्यातून ३० टक्के वजावट आणि शिवाय व्याजाची वजावट मिळते. परंतु नव्या करपद्धतीत घराचा तोटा पगारातून किंवा धंद्यातून वजा होत नाही, हे ध्यानात ठेवून पद्धत निवडावी.

हप्ते थकलेच तर काय होते, तेही सांगतो; कारण अज्ञानाने भय वाढते. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देते. त्या नोटिशीस लेखी उत्तर देता येते, आणि बँकेने आपल्या हरकतींस १५ दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे. नंतर ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत सर्व रक्कम भरून मिळकत सोडविता येते. शेतजमिनीस हा कायदा लागू नाही. सहकारी बँकांस तो लागू आहे की नाही याविषयी बरीच वर्षे वाद होता. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आपल्याच शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात तो लागू असल्याचा निर्णय दिला. पतसंस्था मात्र १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन येतात. दोन्हीकडे एकच गोष्ट खरी : नोटीस न घेणे किंवा घेऊन कोनाड्यात ठेवणे हा उपाय नव्हे. ते साठ दिवस हेच ऋणकोचे खरे भांडवल आहेत.

आणि सर्वांत मोठा धोका याच साठ दिवसांत दारात येतो. तो बँकेचा नसतो. ओळखीच्या, गोड बोलणाऱ्या गृहस्थाचा असतो. "बँकेचे मी भागवितो, तुम्ही फक्त माझ्या नावे खरेदीखत करून द्या, पैसे परत केलेत की घर परत," असे तो म्हणतो. बंधूंनो, जुन्या लोकांस मुदत खरेदी ठाऊक होती. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती होऊन असे ठरले आहे की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण मानला जाईल. तोंडी वचन दिले किंवा वेगळ्या कागदावर लिहिले, तर ती निव्वळ विक्री ठरते आणि घर सोडविण्याचा हक्क बहुधा संपतो. बँकेचे गहाण कितीही कठोर असो, ते गहाणच राहते. हे मात्र नाव पुसून टाकते. परवान्यावाचून सावकारी करणाराविरुद्ध २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि बळकावलेली स्थावर मिळकत परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे. परंतु सही करण्यापूर्वीची एक भेट ही सही केल्यानंतरच्या दहा तारखांपेक्षा मोलाची असते.

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले, वकिली करणारे आणि तलाठी-ग्रामसेवकाचे काम केलेले सभासद आहेत; त्यांची एक सल्लागार समिति नेमावी, आणि महिन्यातील एका ठराविक दिवशी तिने कोणाचेही कर्जाचे कागद गुप्तता राखून पाहावेत. दुसरी : दर संमेलनात सत्कारांबरोबर एक तास कागद दुरुस्तीसाठी ठेवावा; कोणाची वारसनोंद राहिली, कोणाचा उतारा चुकला, एवढेच पाहावे. तिसरी विनंती भगिनींस आहे. घराच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून आपली सही असते, पण खात्याचा उतारा आपण कधी पाहिलेला नसतो. तो वर्षातून एकदा मागून घ्यावा. आमच्या घरात ती वाढलेली मुदत प्रथम कोणाच्या नजरेस आली असेल तर ती गृहिणीच्या. आणि तिने भावांना बोलावून सारे उघड सांगितल्यावर चौघांनी थोडे थोडे भरून वाढीव हप्त्यांचा भार पुष्कळसा उतरविला. ज्यांच्यापासून आम्ही ते लपविले होते तेच उपयोगी पडले.

झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण कीर्तीच्या बाबतीत खरी असेल; कर्जाच्या बाबतीत ती झाकलेली मूठ दर महिन्यास व्याज मागते. कर्ज असणे हे लांच्छन नव्हे. ते वेळीच न सांगितल्याने ज्या घरात आपण जन्मलो त्या घरावर दुसऱ्याचे नाव चढते, ही खरी लज्जेची गोष्ट होय. कुंडलच्या वडीलधाऱ्यांनी दुसऱ्यांची गहाण जमीन सोडवून देण्यासाठी जीव धोक्यात घातला. आपणांस केवळ आपले कागद उघडून एकमेकांपुढे ठेवावयाचे आहेत. एवढे धैर्य आपल्या ज्ञातीत निश्चित आहे, असा आमचा विश्वास आहे.